हाडाला काही नाही

बोरसे मॅडम माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी गुडघे. मी शाळेत रुजू व्हायला गेले त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभी होते. ट्रॅक पँट आणि वर सुती कुर्ता घातलेल्या एक उंच बाई व्हरांड्यातून आल्या, माझ्यापाशी थांबल्या आणि नाव-गाव न विचारता म्हणाल्या, “गुडघे सैल सोडा. असे आवळून उभ्या राहिलात तर सही करायच्या आधी चक्कर येईल.” मी साडीत होते. साडीच्या आतले गुडघे या बाईंना दिसले कसे, ते मला कळलं नाही. मी सैल सोडले. त्यांनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या.

ती शाळा नरडाण्यापासून सात-आठ किलोमीटरवर, कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आहे. मी सावद्याची, केळीच्या पट्ट्यातली. आमची बोली वेगळी, इथली अहिराणी वेगळी. पहिले काही महिने मुलं माझ्या बोलण्याला हसायची आणि मी त्यांचं निम्मं बोलणं अंदाजाने घ्यायची. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची बोरसे मॅडमची होती, पण त्या तिथे क्वचित दिसायच्या. त्यांचा मुक्काम मैदानावर. पूर्ण नाव मंगला बोरसे. शारीरिक शिक्षण शिकवायच्या. वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. लग्न केलेलं नव्हतं. नरडाण्यात भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायच्या आणि स्कूटीवरून ये-जा करायच्या.

सकाळी प्रार्थनेला आम्ही सगळे शिक्षक मुलांच्या समोर उभे राहायचो, बोरसे मॅडम मुलांच्या मागे. हातात हजेरीपटाची गुंडाळी. रांगेमागून चालत जायच्या आणि ज्याचा गुडघा मागे ताठ आवळलेला दिसेल त्याच्या गुडघ्यामागच्या खळगीत ती गुंडाळी हलकेच टेकवायच्या. पोरगं दचकून जरासं वाकायचं. मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हतं, प्रार्थनेत मुलं हलतात म्हणून. मॅडमचं म्हणणं, हलू द्या, पडायला नकोत. आमच्यातल्या एका सरांच्या लग्नात नवरी तासभर स्टेजवर उभी होती. मॅडम आहेर द्यायला वर गेल्या आणि तिच्या कानात काही बोलल्या. नवरी हसली, फोटोत ती हसताना आहे. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, तिला सांगितलं की शालू पायघोळ आहे, आत गुडघे वाकवले तरी सासूला दिसणार नाहीत.

त्यांचा स्वतःचा डावा गुडघा उलटा जायचा. चालताना पाय जमिनीला टेकला की तो सरळ व्हायचा आणि सरळ झाल्यावर तिथे न थांबता आणखी थोडा मागे जायचा, जणू मागून कुणी दोरी ओढली. पहिल्यांदा बघणारा नजर वळवायचा. पोरांनी त्यांचं नाव ‘हडळ मॅडम’ ठेवलं होतं, कारण हडळीचे पाय उलटे असतात. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा सातवीतल्या एका पोराच्या वहीत त्यांना स्वतःचं चित्र सापडलं, मोकळे केस आणि उलटी पावलं. त्यांनी पेन घेऊन पावलं सुलटी केली, गुडघा मागे वाकवला आणि वही परत दिली. “चूक होती,” एवढंच म्हणाल्या.

त्या गुडघ्याची गोष्ट त्यांनी मला कधी लांबण लावून सांगितली नाही. धुळ्याला कॉलेजात होत्या, सतरा वर्षांच्या. कबड्डीच्या सामन्यात चढाईला गेल्या आणि बोनसचा जादा गुण घ्यायला त्यांनी पुढचा पाय रेषेपलीकडे लांबवला. बोनस घेताना सगळा भार त्या एका पायावर असतो, मागचा पाय हवेत. नेमकी त्याच क्षणी समोरची मुलगी त्या ताठ पायावर पडली आणि गुडघा जिकडे वाकायचा नसतो तिकडे वाकला. एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाडाला काही नाही. घरच्यांनी त्यातलं ‘काही नाही’ तेवढं ऐकलं. आईने हळदीचा लेप लावला, पंधरा दिवसांनी सूज उतरली, मॅडम पुन्हा खेळल्या. गुडघा पुन्हा निसटला. पुढच्या वर्षभरात आणखी दोनदा. मग खेळणं संपलं.

“हाड दिसतं हो फोटोत,” त्या म्हणाल्या. “हाडाला धरून ठेवणारं दिसत नाही.”

हेच त्या मुलींना दाखवायच्या. मी विज्ञान शिकवायचे म्हणून एकदा मलाही बोलावलं. दोन जाडे लाकडी दांडे एकमेकांवर उभे करून ते सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेले होते. एक पट्टी समोरून, एक मागून, एक-एक बाजूंनी, आणि दोन पट्ट्या आतून फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून गेलेल्या. दांडे पुढेमागे छान हलायचे. मग त्यांनी कात्रीने आतली एक पट्टी कापली. दांडे तसेच्या तसे उभे राहिले. मुलींना वाटलं, काहीच झालं नाही. मॅडमनी वरचा दांडा नुसता बोटाने फिरवला आणि सगळं घसरून टेबलावर पडलं. मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खालचा दांडा उचलला आणि विचारलं, हाडाला काही झालं का? नाही, मुली म्हणाल्या. मग पडलं कशामुळे?

त्यांचा सगळा सराव त्या एका भीतीतून आलेला होता. रोज संध्याकाळी मुलींना शाळेच्या स्टेजवरून खाली उड्या मारायला लावायच्या. एकेकीला चाळीस उड्या. स्वतः पाठ करून डोळे मिटून बसायच्या आणि नुसतं ऐकायच्या. धप्प आवाज आला की म्हणायच्या, पुन्हा. मांजर भिंतीवरून उतरते तसं उतरता आलं पाहिजे. शिट्टी त्यांच्याकडे नव्हती, त्या टाळी वाजवायच्या. शाळेसमोरच्या रसवंतीवाल्याशी त्यांचा करार होता, कुणाचाही पाय मुरगळला तर बर्फ आधी शाळेला, मग गिऱ्हाइकाला. इतकी वर्षं त्यांच्या हाताखालून मुली गेल्या, तालुक्याला जिंकल्या, जिल्ह्याला हरल्या, पण एकीचाही गुडघा गेला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता. तो त्या बोलून दाखवायच्या नाहीत, पण होता.

मग रोशनी आली.

रोशनी सातवीत असताना मॅडमनी तिला शेताच्या कडेच्या पाण्याच्या पाटावरून उडी मारताना पाहिलं. पलीकडे ती बिनआवाज उतरली. मॅडमनी स्कूटी तिथेच थांबवली. तिचे वडील भटूभाऊ. घरची थोडी कपाशी, आणि नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीचं काम. मुलीने कबड्डी खेळायची हे त्यांना मान्य नव्हतं. मॅडम पाच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. एकदा मीही बरोबर होते. भटूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, “मॅडम, पोरनी जात शे. लोकेसनापुढे मांड्या ठोकी का ती?” मॅडम म्हणाल्या, मांडी न ठोकताही कबड्डी खेळता येते, आणि फुल पँटमध्येही. निघताना त्या अहिराणीत बोलल्या. शाळेत त्या कधी अहिराणी बोलायच्या नाहीत.

“भाऊ, जशी लई जासू, तशीच तुमना दारमा आनी सोडसू.”

जशी नेईन, तशीच दारात आणून सोडीन. भटूभाऊंनी मान हलवली, आणि त्या हलवण्यावर रोशनी तीन वर्षं खेळली.

मला खेळातलं फार कळत नाही. पण रोशनी चढाईला गेली की मैदानाबाहेर सायकली थांबायच्या, एवढं मला आठवतं. अंगाने सडपातळ, बोलायला अगदी कमी. मैदानात मात्र तिचा पाय कुठून येईल ते समोरच्या सात जणींना कळायचं नाही. दहावीत असताना आमची शाळा पहिल्यांदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात गेली. सामना धुळ्याला होता. तो आम्ही जिंकलो, आणि त्याच सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत रोशनी बोनसला गेली. पुढचा पाय ताठ, मागचा हवेत. कोपऱ्यातली मुलगी समोरून झेपावली आणि तिचं सगळं अंग त्या पायावर आलं. मी बाकावर बसले होते. मला गुडघा दिसला नाही, मला बोरसे मॅडम दिसल्या. त्यांनी स्वतःचा डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला होता.

संध्याकाळपर्यंत रोशनीचा गुडघा कलिंगडासारखा सुजला. एक्स-रे झाला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि हसून सांगितलं, घाबरू नका, हाडाला काही नाही. रोशनीची आई पदराने डोळे पुसत मॅडमला म्हणाली, “हाड मोडेल नही ना? मंग व्हई जाई बरं.” मॅडमनी फिल्म परत पाकिटात घातली.

दुसऱ्याच आठवड्यात त्या रोशनीला धुळ्याच्या एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेल्या. त्या बाईंनी पोटरी धरून पुढे ओढून पाहिली आणि म्हणाल्या, आतून सैल वाटतंय, एमआरआय करा, आणि तो होईपर्यंत धावणं, वळणं, उडी काही नको. एमआरआयची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. आणि विभागीय स्पर्धा पाच आठवड्यांनी जळगावला होत्या.

पहिल्या दिवसापासून मॅडमचं उत्तर एकच होतं: रोशनी खेळणार नाही. मुख्याध्यापकांनी समजावून पाहिलं. संस्थेचे अध्यक्ष शाळेत येऊन बसले. विभागातून राज्याच्या संघात निवड होते, राज्याला खेळलेल्या मुलीला पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागा असतात, हे सगळं मॅडमना नव्याने सांगण्यात आलं. गावाच्या स्टँडवर रोशनीच्या फोटोचं बॅनर लागलं, आणि ज्या भटूभाऊंनी पाच संध्याकाळी नाही म्हटलं होतं ते आता कामावर जाताना त्या बॅनरखाली उभे राहायला लागले. तेही मॅडमकडे आले. पोर चालते, पळते, दुखत नाही म्हणते, मग अडतंय कुठे? खरंच ती चालत होती. तिसऱ्या आठवड्यात सूज पूर्ण उतरली होती. गुडघा सरळ होत होता, वाकत होता. बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं.

आणि रोशनी स्वतः. ती काही मागणारी मुलगी नव्हती. ती नुसती रोज मैदानाच्या कडेला येऊन बसायची, इतर मुलींच्या बाटल्या भरून ठेवायची आणि सराव संपला की मॅडमच्या स्कूटीपाशी उभी राहायची. मॅडम मला म्हणाल्या, ओरडली असती, रडली असती तर बरं झालं असतं.

संघ जायच्या तीन दिवस आधी मॅडमनी मला मधल्या सुट्टीत हॉलमध्ये बोलावलं. रोशनी होती, जमिनीवर मोजपट्टी पसरलेली होती. मॅडम म्हणाल्या, एका पायावर तीन उड्या सलग मारायला लावते, आधी चांगल्या पायावर, मग लागलेल्यावर. दोन्हींचं अंतर सारखं आलं तर बघू. तुम्ही फक्त आकडा वाचा. मी पट्टीजवळ वाकले. डाव्या पायाचा आकडा वाचला. मग उजव्याचा. दोन्ही सारखे होते, फरक बोटभराचाही नव्हता. रोशनी माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघत होती. मॅडम बराच वेळ पट्टीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ठीक आहे. नीकॅप घालून खेळ. फक्त गरज पडली तरच मैदानात उतरवीन.”

रोशनी हसली. तिला एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

जळगावला मीही गेले. मुलींबरोबर दुसरी बाई हवी होती. हॉलमध्ये मॅट अंथरलेली होती. आमच्या मुली मातीवर खेळणाऱ्या, आधीच बिचकलेल्या. पहिल्या अर्ध्यात मॅडमनी रोशनीला बाकावर ठेवलं. मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी मागे होतो. बाकावरच्या मुली रोशनीकडे बघत होत्या, मागून मुख्याध्यापक काही बोलत होते. मॅडमनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी रोशनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती मैदानात गेली.

तिने पाच चढायांत चार गुण आणले. सहाव्या चढाईत तिने डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला आणि परतायला वळली. नुसती वळली. तिला कोणी धरलं नव्हतं, कोणी हातसुद्धा लावला नव्हता. पाऊल मॅटवर रोवलं गेलं, अंग फिरलं आणि गुडघा फिरलाच नाही. ती खाली बसल्यासारखी पडली. आवाज बाकापर्यंत आला. ओली काठी मोडावी तसा.

ती ओरडली नाही, कारण तिचा दम चालू होता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. दम सुटला तर गुण जातो. ती कोपरांवर सरपटत मध्यरेषेकडे निघाली, उजवा पाय मागे दुसऱ्याच कुणाचा असावा तसा ओढत, आणि तोंडाने कबड्डी चालू. समोरच्या मुली तिला धरायला विसरल्या. तिने रेषेला हात लावला आणि मग ती किंचाळली. गुण मिळाला. तो सामना आम्ही दोन गुणांनी जिंकलो आणि दुसऱ्या दिवशी पुढचा हरलो.

या वेळी एमआरआय लगेच झाला. आतला अस्थिबंध तुटलेला, गुडघ्यातली गादी फाटलेली. पहिल्या दुखापतीतच बंध गेलेला असावा, दुसऱ्यात गादीही गेली, असं सर्जन म्हणाले. धुळ्यात ऑपरेशन झालं. ते नीट झालं, असंच सगळ्यांनी सांगितलं. पण खरं काम ऑपरेशननंतर असतं, नऊ-दहा महिने रोजचं. मॅडमनी ते काम अंगावर घेतलं. शाळा सुटली की स्कूटी भटूभाऊंच्या दारात. रोशनी खाटेवर पाय लांब करून बसायची, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी. मॅडम मांडीवर दोन बोटं ठेवून सांगायच्या, आवळ, आणि दहा आकडे म्हणायच्या. सोड. पुन्हा. टाच सरकवत गुडघा वाकवायचा, पुन्हा सरळ करायचा. घाम यायचा पोरीला. मॅडमलाही.

त्याच दिवसांत एकदा शाळेच्या पायरीवर त्या माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, “तुम्ही पट्टी बघत होतात. मी तिला बघत होते.”

मला कळलं नाही.

“तिसऱ्या उडीआधी ती थांबली होती. उजव्या पायावर. अगदी जरासं, पापणी लवते तेवढं. पायावर भरवसा नसला की अंग तसं थांबतं. मला सगळ्या जगात तेवढं एकच ओळखता येतं. आणि मी पाहिलं.”

मी म्हटलं, आकडा तर सारखा होता.

“हो. म्हणून मी आकड्याकडे बघितलं,” त्या म्हणाल्या. “मला जिंकायचं होतं. अध्यक्ष, मुख्याध्यापक, भटूभाऊ, सगळ्यांचं नाव घेता येईल. पण मला जिंकायचं होतं.”

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. आदल्याच दिवशी टाच सरकवता सरकवता रोशनीने विचारलं होतं, मॅडम, उडी मारताना मी थांबले होते, तुम्हाला दिसलं होतं का? “मी नाही म्हटलं,” मॅडम म्हणाल्या. “सोळा वर्षांची पोर माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी नाही म्हटलं.” मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो उचलून घेतला, आणि त्या स्कूटीकडे गेल्या.

चौथ्या महिन्यात कापूस वेचणीला आला. रोशनीची आई दिवसभर शेतात, घरचं सगळं रोशनीवर. चुलीशी उकिडवं बसणं, हंडा उचलणं, जे नको ते सगळं. व्यायाम संध्याकाळचा तेवढाच. गुडघा आत आखडत चालला. जो गुडघा नको तितका सरळ झाला होता, तो आता पुरता सरळही होईना. थोडासा वाकलेलाच राहायचा, आणि त्यामुळे ती लंगडायची. मॅडम म्हणायच्या, रोज दोन वेळा करायला हवं, सकाळीही येते. तेव्हा एका संध्याकाळी भटूभाऊंनी त्यांना ओट्यावरच थांबवलं. मी तिथे नव्हते, मॅडमनी जे सांगितलं ते सांगते. भटूभाऊ रागावले नाहीत. ते म्हणाले, रोज तुमची स्कूटी दारात दिसते, लोक विचारतात पोरीला काय झालंय. दोन-तीन वर्षांनी सोयरीक बघायची आहे. तेव्हा हे कुणाच्या ध्यानात राहायला नको.

“आते ऱ्हाऊ द्या, मॅडम,” ते म्हणाले.

मॅडमनी हात जोडले. म्हणाल्या, आत्ता थांबलं तर पाय कायमचा असाच राहील. भटूभाऊंनीही हात जोडले. दिलेल्या शब्दाची आठवण भटूभाऊंनी करून दिली नाही, आणि मॅडमच्या मते तेच सगळ्यात वाईट होतं. आत खाटेवर रोशनी होती, ती बाहेर आली नाही.

त्यानंतर मॅडम शाळेत येत राहिल्या, पण त्या बोरसे मॅडम नव्हत्या. प्रार्थनेला आमच्याबरोबर समोर उभ्या राहायला लागल्या, हात मागे बांधून. संघ दुसऱ्या सरांकडे दिला. परीक्षेची कामं, गुणपत्रिका, शिष्यवृत्तीचे अर्ज, जे कुणाला नको ते मागून घ्यायच्या. एका दुपारी स्टेजवरून एक लहान मुलगी धप्पकन खाली उतरली. आम्ही दोघी व्हरांड्यात होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आवाज ऐकला, खालचा ओठ दातांत धरला आणि हातातली यादी पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला लागल्या. दोन वर्षांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाल्या, आणि कुणी आग्रहही केला नाही. रोशनीचं बारावीनंतर लग्न झालं. पायाचं लपलं नाही, पण सुरतचं एक घर तयार झालं. मॅडमना पत्रिका आली होती. त्या गेल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी सावद्याहून परत येत होते. नरडाण्याला गाडीतून उतरले, तर समोरून येऊन उभ्या राहिलेल्या सुरतच्या पॅसेंजरमधून बोरसे मॅडम उतरल्या. केस पांढरे झाले होते. हातात काठी होती आणि काखेत कापडी पिशवी. मी त्यांना बाकावर बसवलं, चहा आणला. विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, रोशनीकडे जाऊन आले.

ती तिसऱ्या मजल्यावर राहते. नवरा साड्यांच्या कारखान्यात आहे, एक मुलगी आहे दीड वर्षांची. रोशनीने त्यांना नमस्कार केला, पोहे केले, शाळेतल्या एकेकाची चौकशी केली. माझीसुद्धा. खेळाचं काही बोलली नाही. शेवटी मॅडमच म्हणाल्या, रोशनी, तू एकदा मला विचारलं होतंस, आणि मी खोटं बोलले. मला दिसलं होतं.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

चहाचा कप त्यांनी बाकावर ठेवला. “म्हणाली, माहीत होतं मॅडम. म्हणून तर विचारलं होतं.”

फलाटावर बराच वेळ भोंगा वाजत होता. तो थांबल्यावर मॅडमनी पुढचं सांगितलं. निघताना रोशनी दारापर्यंत आली, मुलीला कडेवर घेऊन. जिन्याच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, खाली सोडायला येत नाही मॅडम, जिना उतरणं जमत नाही मला. तेवीस-चोवीस वर्षांची पोर. मॅडम म्हणाल्या, “मी तीन मजले उतरले, काठी टेकत. ती वरून सांगत होती, सावकाश, पुढे पायरी तुटकी आहे. खालपर्यंत सांगत होती.”

मग त्यांनी पिशवीतून एक खोकं काढलं. आत गुडघ्याला बांधायचा लांब पट्टा होता, दोन्ही बाजूंनी पोलादी सळ्या असलेला, कोरा. रोशनीसाठी धुळ्याहून मुद्दाम आणलेला. तिने तो हातात घेऊन पाहिला होता आणि परत दिला होता. आता याचा उपयोग नाही मॅडम, उगाच घरात विचारतील. बोरसे मॅडमनी ते खोकं माझ्या मांडीवर ठेवलं.

“शाळेत ठेवा,” त्या म्हणाल्या. “कुणा मुलीला लागला तर.”

मी ठेवते म्हटलं. त्यांनी विचारलं, आता कोण घेतं मुलींना?

आमच्या शाळेत मुलींचा संघ दोन वर्षांपासून नाही. जे सर घ्यायचे त्यांची बदली झाली, नवीन कुणी आलं नाही, आणि मैदानाच्या अर्ध्या भागावर आता सायकलींची शेड आहे.

“नवीन मॅडम आल्यात,” मी म्हटलं. “चांगल्या आहेत. रोज संध्याकाळी घेतात.”

“मुली येतात?”

“येतात.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काठी उचलली, पिशवी काखेत घेतली आणि रिक्षांकडे चालू लागल्या. फलाट मोकळा होता, त्यामुळे शेवटपर्यंत त्या मला दिसत होत्या. गेटपाशी रिक्षावाल्याने त्यांची काठी आत घेतली आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला.